धनंजयराव गाडगीळ आणि आपण

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. चौतीस वर्षं बँकेत कर्जमंजुरीच्या नोटी आणि तपासणीचे अहवाल लिहिले, ते वाचायला कुणाला आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मग वाटलं, पंचवीस वर्षं आपण ‘सहकारी’ हा शब्द सोसायटीच्या पाटीवर, मेंटेनन्सच्या पावतीवर, शेअर सर्टिफिकेटवर बघतोय. या शब्दासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांतल्या एका तरी माणसाची ओळख आपल्या मुलाबाळांना असावी. म्हणून प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्याविषयी लिहितो आहे.

नाव सांगितल्यावर घरातच गंमत झाली. नातवाला सोन्याची पेढी आठवली. शेजारच्या जोशीबुवांच्या वयाच्या एका सभासदांना काकासाहेब गाडगीळ आठवले, तर एका वहिनींना कथाकार गंगाधर गाडगीळ. यातले आपले गाडगीळ कुणीच नव्हेत. आपले गाडगीळ म्हणजे दहा वर्षं एका खेडेगावातल्या साखर कारखान्याचे चेअरमन असलेले अर्थशास्त्राचे प्रोफेसर.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण नागपुरात गेलं. पुढे ते इंग्लंडला केंब्रिजला शिकायला गेले. तिथं भारतातल्या उद्योगधंद्यांच्या वाटचालीवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९२४ साली तो पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा लेखकाचं वय होतं अवघं तेवीस. ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं देशभरातल्या कॉलेजांत लागलं होतं. मी सोलापूरला बी.ए. करत असताना आमच्या ग्रंथालयातली त्याची प्रत इतकी हाताळलेली होती की पानं सुटी झाली होती. परीक्षेपुरतं वाचलं आणि विसरलो, हेही कबूल करतो.

परत आल्यावर थोडे दिवस सरकारी नोकरी, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, ते त्या जागेवर होते.

संस्था पुण्यात डेक्कन जिमखान्यावर होती, पण तिची माणसं बसायची नाहीत. पुण्याच्या मंडईत फळं कशी येतात, बागायतदाराला त्यातले किती मिळतात आणि दलालाला किती, याची पाहणी त्यांनी केली. मोटारबसच्या धंद्याची केली. वाई तालुक्यात शेतकऱ्यांकडे जाऊन शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली. आपल्या सोलापूर शहराचीही, गिरण्या, हातमाग आणि कामगारांची घरं यांची पाहणी या संस्थेने केली, तिचं पुस्तक १९६५ साली निघालं. आज कुणीही सर्व्हे करतो. त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे विलायती पुस्तकातले सिद्धांत, अशी समजूत होती. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याला विचारायचं, वही काढून लिहायचं आणि मगच बोलायचं, ही शिस्त गाडगिळांनी लावली.

त्या वह्यांतून जे चित्र पुढे आलं ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. माझ्या आजोबांची सांगोल्याजवळ अकरा एकर जिरायत होती. माणनदीला पाणी आलं तर आलं. पेरणीला बियाणं सावकाराकडून, सुगीपर्यंत खायला ज्वारी सावकाराकडून, लग्नकार्याला, दुखण्याला पैसा त्याच्याचकडून. सुगी झाली की तोच सावकार धान्य घेऊन जायचा. भाव त्याचा, माप त्याचं, वही पण त्याचीच. आजोबांना अंगठ्याशिवाय सही येत नव्हती. अकरातली चार एकर कधी गेली ते घरातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही.

सरकारी कायद्याने गावोगाव पतपुरवठ्याच्या सोसायट्या १९०४ पासूनच निघाल्या होत्या. मग तरी शेतकरी का सुटत नव्हता? गाडगिळांचं उत्तर समजायला सोपं आहे. सोसायटी कर्ज द्यायची तेही थोडं, उशिरा आणि जमिनीच्या तारणावर. माल मात्र शेवटी त्याच व्यापाऱ्याच्या दारात जायचा. म्हणजे कर्ज एकाचं आणि माल दुसऱ्याच्या हातात. व्यापारी आपली बाकी आधी कापून घ्यायचा आणि सोसायटीचं कर्ज थकायचं. थकलं की सोसायटी बंद. म्हणून नुसतं कर्ज देऊन भागणार नाही. कर्ज, मालाची विक्री आणि जमेल तिथं त्या मालावरची प्रक्रिया, हे तिन्ही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थांच्या हातात पाहिजे आणि एकमेकांना जोडलेलं पाहिजे. कर्ज द्यायचं ते गहाण जमिनीकडे बघून नव्हे, तर येणाऱ्या पिकाकडे बघून.

हे कागदावर लिहून गाडगीळ थांबले असते तरी त्यांचं नाव राहिलं असतं. ते थांबले नाहीत.

नगर जिल्ह्यातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील १९२३ पासून आपल्या गावात पतपेढी चालवत होते. शाळा फारशी शिकले नव्हते, पण शेतकऱ्याचा पैसा कुठं गळतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. कालव्याच्या पाण्यावर ऊस होत होता, कारखाने मात्र खाजगी कंपन्यांचे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला माळी समाजाच्या बागायतदारांनी एकत्र येऊन कारखाना काढला होता, तोसुद्धा कंपनी म्हणूनच. १९४५ साली श्रीरामपूरला, तेव्हाच्या बेलापूर रोडला, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष गाडगीळ होते. ऊसवाल्यांनी स्वतःच सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथं पुढे आला आणि विखे पाटलांनी तो उचलला.

त्यापुढची पाच वर्षं सोपी नव्हती. विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले. साखर कारखाना हे शेतकऱ्यांचं काम नव्हे, हे पैसे बुडणार, असं सांगणारे पुष्कळ होते. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री तेव्हा वैकुंठभाई मेहता होते, त्यांनी सरकारचं भागभांडवल मिळवून दिलं. औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज आलं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचं पहिलं गाळप झालं.

या कारखान्याचे पहिले चेअरमन धनंजयराव गाडगीळ. विखे पाटलांनी स्वतः व्हाइस चेअरमन होऊन त्यांना पुढे केलं. पुण्यातली संस्था सांभाळून, दिल्ली-मुंबईच्या समित्या सांभाळून गाडगीळ सुमारे दहा वर्षं त्या खुर्चीवर राहिले. मी बँकवाला म्हणून सांगतो, चेअरमनची खुर्ची म्हणजे हारतुऱ्यांची जागा नव्हे. कर्जाचा हप्ता चुकला तर पहिली नोटीस तिथं येते. ऊसाला भाव किती द्यायचा आणि कर्जफेडीला, घसाऱ्याला किती ठेवायचं, यावर दरवर्षी भांडण होतं. सभासदाला आज पैसे हवे असतात आणि कारखान्याला दहा वर्षांनी मशिनरी बदलायची असते. या भांडणात समोरच्या शेकडो शेतकऱ्यांचा ज्याच्यावर विश्वास आहे असाच माणूस टिकतो. पुस्तकात सहकार योग्य ठरवणं निराळं, आणि तो योग्य चालतोय की नाही याची जबाबदारी आपल्या सहीने घेणं निराळं. गाडगिळांनी दुसरंही केलं, आणि बस्तान बसल्यावर खुर्ची सोडून गेले. मला त्यांचं मोठेपण सगळ्यात जास्त इथं वाटतं.

कारखान्याने खेड्यात काय बदललं ते पाहा. ऊसाची नोंद होऊ लागली. नोंदीवर सोसायटीचं पीककर्ज मिळू लागलं. गाळप झालं की बिलातून कर्ज परस्पर वळतं होऊ लागलं आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात पडू लागली. सावकाराच्या दारात जायचं कारणच उरलं नाही. नफा बाहेरगावच्या मालकाकडे न जाता त्याच भागात राहिला, आणि त्यातून पुढे रस्ते, शाळा, कॉलेजं, दवाखाने झाले. प्रवरेचं बघून अकलूज, सांगली, कोल्हापूर, वारणा, सगळीकडे कारखाने उभे राहिले.

याच काळात गाडगिळांनी आणखी एक काम केलं. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० खेडी, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. ज्या समितीने तिचा अहवाल १९५४ साली दिला, तिचे अध्यक्ष गोरवाला होते आणि गाडगीळ एक सदस्य. शेतकरी शंभर रुपये कर्ज काढत असेल तर त्यातले सहकारी सोसायट्यांचे फक्त तीन आणि सावकारांचे जवळजवळ सत्तर, असं निघालं. व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही भरत नव्हता. पन्नास वर्षांच्या सहकाराचं हे फळ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सहकार नापास झाला, गुंडाळा. समितीने उलट सांगितलं. सहकार हरला हे मान्य, पण खेड्याला दुसरा रस्ता नाही, म्हणून त्याला बळ द्या. सरकारने संस्थांत भागभांडवल घालावं, कर्ज विक्रीशी जोडावं, गोदामं बांधावीत, माणसं शिकवून तयार करावीत. याच अहवालातून इंपीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली आणि तालुक्याच्या गावांत शाखा निघाल्या.

१९६७ साली गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचा पैसा कसा वाटायचा याचं सूत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की बँकांनी शहराकडे न बघता जिल्हा धरून काम करावं. त्यातून अग्रणी बँक योजना आली. आपल्या जिल्ह्यात ते काम बँक ऑफ इंडियाकडे आलं.

मी १९७४ मध्ये दुसऱ्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी स्वतः सुट्टीत खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेलो होतो. दोन वर्षांनी त्याच मुलाला बँकेने फॉर्म देऊन खेड्यात पाठवलं, की जा आणि कर्ज वाट. विहिरीला, इंजिनाला, म्हशीला. एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा जमाखर्च लिहून घेताना मला कधीच वाटलं नाही, की हा फॉर्म वाईच्या त्या वह्यांचा नातू आहे. फार उशिरा कळलं.

धनंजयराव तोवर गेले होते. १९७१ साली त्यांनी उपाध्यक्षपद सोडलं आणि दिल्लीहून पुण्याला परत यायला निघाले. ३ मे १९७१ रोजी वाटेत रेल्वेतच त्यांचं निधन झालं. सत्तर वर्षांचं आयुष्य. आज मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

सांगोल्याला या सगळ्यातून काय मिळालं? ऊस हे आपलं पीक नव्हे, आपल्याकडे पाणीच कुठं होतं. तरी कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात आबासाहेबांनी, म्हणजे कै. गणपतराव देशमुखांनी, शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढून चालवून दाखवली. महिलांची वेगळी सूतगिरणीही काढली. मुंबई-इचलकरंजीला जाणारी पोरं गावात राहिली, आणि शेतात एक वर्ष पाऊस झाला नाही तरी घरात पगार येऊ लागला. संस्था नीट चालली की दुष्काळी गावात काय होतं, ते आपण डोळ्यांनी बघितलं आहे. याच्या उलट डाळिंब. १९९० नंतर फळबाग योजना आली, ठिबक आलं, आम्ही बँकवाल्यांनी कर्जं दिली, माळरान हिरवं झालं. पण विक्री बहुतेकांची व्यापाऱ्याच्याच हातात राहिली. पुढे तेल्या आणि मर रोगाने बागा गेल्या तेव्हा कर्ज शेतकऱ्याच्या नावावर होतं आणि चांगल्या वर्षांतला मोठा नफा दुसरीकडे गेलेला होता. गाडगिळांनी सांगितलेली साखळी अर्धीच जोडली, की असं होतं.

सहकाराचं नुसतं कौतुक करायला मी बसलेलो नाही. कारखाने एकेका घराण्याचे झाले, काही बुडाले, काही विकले गेले. ऊस तोडायला आपल्या माणदेशातून कोयते घेऊन जाणारी माणसं त्या कारखान्यांची सभासद कधीच झाली नाहीत. आणि पतसंस्थांचं तर विचारूच नका.

त्यातली एक गोष्ट मला सांगायलाच हवी. माझी शेवटची बदली दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावी होती. गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या पतसंस्थेत बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळायचं, म्हणून मीही थोडी ठेव ठेवली होती. वार्षिक अहवाल हातात आला. ताळेबंद वाचायची मला सवय. ठेवी वाढत होत्या, वसुली होत नव्हती, आणि मोठी कर्जं कुणाच्या भावाला, कुणाच्या मेव्हण्याला गेली आहेत हे गावाला माहीत होतं. त्यांच्या सभेला मी गेलो, चहा घेतला, कार्यवृत्तावर सही केली आणि एक शब्द न बोलता परत आलो. मुदत संपल्यावर आपली ठेव गुपचूप काढून घेतली. आमच्या शाखेतून तेव्हाच निवृत्त झालेल्या शिपायाने फंडाचे सगळे पैसे तिथं ठेवले होते. मला ते माहीत होतं. बँकेच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या संस्थेबद्दल वाईट बोलू नये, असं मी स्वतःला समजावलं. दीड वर्षात संस्थेला कुलूप लागलं. त्याचे पैसे आजवर परत मिळालेले नाहीत. भेटला की अजून मला साहेब म्हणतो, चहा पाजतो. मी बघितलं होतं हे त्याला ठाऊक नाही. या लेखामुळे ठाऊक झालं तर होऊ दे.

ती संस्था संचालकांनी बुडवली हे खरंच. पण ताळेबंद वाचता येणारे माझ्यासारखे सभेत चार तरी होते, आणि चौघेही गप्प बसले. गाडगिळांचं चरित्र वाचताना मला हीच गोष्ट बोचते. एवढा मोठा माणूस, त्याला खेड्यातल्या कारखान्याच्या हिशेबात डोकं घालायची काय गरज होती? पण ज्याला हिशेब कळतो त्याने हिशेबाच्या वहीपाशी बसलं पाहिजे, नाहीतर ज्याला पैसे हवे आहेत तो बसतो. सहकार एवढ्यानेच तरतो किंवा बुडतो.

आता आपल्या घरचं बोलतो. आपली सोसायटी त्याच कायद्याखाली आहे, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली. प्लॉट लहान असो की मोठा, मत एकालाच एक. सुरुवातीला एका बोअरवर आणि टँकरवर दिवस काढले. एकमेकांच्या टाकीत पाइप टाकून पाणी दिलं, ते आठवणारे अजून आहेत. पण गेल्या पाच-सहा वर्षांत वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही. अर्धा तास थांबून तहकूब सभा त्याच जागी घ्यावी लागते आणि दहा माणसं पंचवीस वर्षांचे निर्णय घेतात. हिशेबपत्रक प्रत्येकाच्या घरी जातं, आणि त्याच्यावर पोळ्या ठेवलेल्या मी दोन घरांत तरी बघितल्या आहेत, त्यातलं एक माझं.

खजिनदाराची जागा मार्चपासून रिकामी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, वय झालंय, ही कारणं मीच समितीला देत होतो. हा लेख लिहिता लिहिता ती द्यायची लाज वाटू लागली. म्हणून सेक्रेटरींना कळवलं आहे की एक वर्ष मी काम करतो. अट एकच, तरुण सभासदांपैकी कुणीतरी रविवारी तासभर माझ्याजवळ बसावं आणि वही शिकून घ्यावी. सिंकिंग फंड म्हणजे काय, तो मोडून रंगकाम का करायचं नसतं, इथपासून सांगेन. चहा आमच्याकडे.

सभेला मात्र सगळ्यांनी वेळेवर यावं. रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनापासून शुभेच्छा.